तीळ, कुरूप आणि मेलॅनोमा : मराठी आरोग्यलेखनातील एका विषयाची चिकित्सा

शास्त्रीय विषयांवरील लोकोपयोगी लेखनाची समीक्षा करण्याची प्रथा आपल्याकडे रुजलेली नाही. कविता, नाटक, कादंबरी यांची चिकित्सा आपण हौसेने करतो; फार तर निबंध आणि प्रवासवर्णन यांपर्यंत जातो. दवाखान्याच्या भिंतीवर लावलेले पत्रक, वृत्तपत्राच्या आरोग्य-पुरवणीतील दोन स्तंभांचा लेख किंवा शिबिराच्या वेळी वाटलेली घडीपत्रिका ही मात्र समीक्षकाच्या कक्षेबाहेरची समजली जातात. त्यांतील शास्त्र खरे की खोटे हे डॉक्टरांनी पाहावे, भाषेचा तेथे प्रश्नच नाही, अशी एक सोईची समजूत त्यामागे आहे. वस्तुतः असे पत्रक हेही गद्यच. त्याला लेखक असतो, त्याने गृहीत धरलेला एक वाचक असतो, त्यात उपमा-दृष्टान्त असतात, आणि ते फसू शकते. कविता फसली तर वाचक पान उलटतो. हे गद्य फसले तर वाचकास पत्ताही लागत नाही, आणि त्याची किंमत तो शरीराने भरतो.

प्रस्तुत लेखात अशा लेखनाचा एकच विषय घेतला आहे. तो म्हणजे मेलॅनोमा, अर्थात त्वचेला रंग देणाऱ्या पेशींपासून उद्भवणारा कर्करोग, आणि तो लवकर ओळखण्याविषयी मराठी वाचकास केला जाणारा उपदेश. वाचक म्हणून घोड नदीच्या काठचा शिरूर आणि भीमेकाठचा दौंड या दोन तालुक्यांतील शेतकरी, ऊसतोडणी कामगार, मेंढपाळ आणि त्यांच्या घरची माणसे नजरेसमोर ठेवली आहेत. ही निवड केवळ परिचयामुळे केलेली नाही. पुणे शहर येथून दोन-अडीच तासांच्या आत आहे. दौंडला रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. मराठी वृत्तपत्र गावोगाव जाते. सारांश, छापील मजकूर येथवर पोचतच नाही ही सबब या भागापुरती तरी चालणार नाही. पोचलेला मजकूर वाचकास काय पाहावयास शिकवितो, हाच खरा प्रश्न आहे.

रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. आपल्या कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती आणि कशा प्रकारचे रंगद्रव्य बनवितात यामुळे. याच पेशी अनावर होऊन वाढू लागल्या म्हणजे मेलॅनोमा होतो. प्रथम त्या वरच्या थरातच आडव्या पसरतात. हा काळ महिन्यांचा, कधी वर्षांचाही असतो. पुढे त्या खाली उतरू लागतात, आणि एकदा रसवाहिन्या व रक्तवाहिन्या यांपर्यंत पोचल्या की जांघेतील किंवा काखेतील गाठींत, फुप्फुसांत, यकृतात, मेंदूत जाऊन बसतात. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ अलेक्झांडर ब्रेस्लो याने १९७० मध्ये दाखवून दिले की, रोग्याचे भवितव्य डागाच्या रुंदीपेक्षा त्याच्या जाडीवर अधिक अवलंबून असते. जाडी एक मिलिमीटरच्या आत असताना तो डाग कापून काढला, तर शंभरांतील नव्वदांहून अधिक रोगी पाच वर्षांनंतरही हयात असतात. जाडी चार मिलिमीटरच्या पुढे गेली म्हणजे चित्र पार पालटते. माणसाच्या हाताचे नख साधारण अर्ध्या मिलिमीटरचे असते, आणि ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याचा व्यास चार मिलिमीटरच्या जवळपास भरतो. दोन नखांची जाडी आणि ज्वारीचा एक दाणा, एवढ्या अंतरात या रोगाचा बहुतेक निकाल लागतो. हे साधे परिमाण मराठी मजकुरात आम्हांस कोठे आढळले नाही. तेथे 'प्राथमिक अवस्था' आणि 'प्रगत अवस्था' एवढे दोन कोरडे शब्द येतात व वाचकास त्यातून काहीच दिसत नाही.

आता या मजकुराचा साचा पाहू. आरंभी कडक उन्हाचे वर्णन असते. मग दुपारी अकरा ते चार या वेळात बाहेर पडू नये, अंगभर कपडे घालावेत, टोपी व काळा चष्मा वापरावा, ऊन-प्रतिबंधक मलम लावावे, असे उपदेश येतात. त्यानंतर अंगावरील तीळ तपासण्याची रीत. सोबत बहुधा एखाद्या गोऱ्या पाठीवरील तपकिरी डागाचे छायाचित्र. हा साचा आला कोठून, हे उघड आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९८१ पासून सदरा घाला, मलम थापा, टोपी चढवा अशा अर्थाच्या तीन ठसकेबाज शब्दांची मोहीम चालली आणि ती जगभर नावाजली गेली. गोऱ्या कातडीचे लोक, विषुववृत्ताकडील ऊन आणि समुद्रकिनाऱ्यावर उघड्या अंगाने पडून राहण्याची हौस, या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र आल्या तेथे तो उपदेश अगदी योग्य होता. तेथील लेखकाने आपला वाचक ओळखला होता. आपल्या अनुवादकाने तो ओळखला नाही, एवढाच फरक.

कारण आपल्याकडे हा रोग वेगळ्या ठिकाणी उगवतो. मुळात तो येथे विरळ आहे. दर लाख लोकांमागे वर्षाला एकाहूनही कमी, असे नोंदींवरून दिसते. परंतु जो होतो तो पाठीवर किंवा गालावर क्वचित होतो. पायाचा तळवा, टाच, हाताचा तळवा आणि नखाखालची जागा ही त्याची घरे. गोऱ्या लोकांत या जागांवरील मेलॅनोमा शंभरात दोन-तीन भरतो. आशियाई लोकांत तो निम्म्याच्या आसपास जातो. सावळ्या कातडीतील रंगद्रव्य उन्हापासून संरक्षण देते, त्यामुळे उन्हाने होणारा प्रकार कमी होतो; तळव्याचा प्रकार मात्र उन्हाचा बांधील नाही, म्हणून तो राहतो. जपानमधील संशोधकांनी २०१६ मध्ये असे दाखविले की, तळव्यावर ज्या जागी शरीराचा भार आणि घर्षण अधिक, तेथे हे डाग अधिक आढळतात. अनवाणी चालल्याने रोग होतो असा याचा अर्थ नव्हे, आणि तसे लिहिणेही चुकीचे ठरेल. पण शोधावयाचे कोठे, हे त्यावरून स्पष्ट होते. ज्या तळव्याने उभ्या जन्मात ऊन पाहिले नाही, त्याच्याविषयी उन्हाळ्याच्या पुरवणीत लिहून काय साधणार?

दुसरा दोष अक्षरांचा. न्यूयॉर्क येथील त्वचारोगतज्ज्ञांनी १९८५ मध्ये डागाची परीक्षा करण्यासाठी इंग्रजी वर्णमालेतील पहिल्या चार अक्षरांचा नियम बांधला, आणि २००४ मध्ये त्याला पाचवे अक्षर जोडले गेले. डागाचे दोन अर्ध सारखे नसणे, कडा वेडीवाकडी असणे, रंग एकसारखा नसणे, व्यास सहा मिलिमीटरांहून अधिक असणे आणि डाग बदलत जाणे, अशी ती पाच लक्षणे. इंग्रजीत या पाच शब्दांची आद्याक्षरे ओळीने येतात, म्हणून नियम तोंडपाठ होतो. मराठी लेखक काय करतो? तो 'ए, बी, सी, डी, ई' ही अक्षरे तशीच ठेवतो आणि त्यांपुढे 'असममिती, किनार, रंग, व्यास, उत्क्रांती' असे शब्द मांडतो. अक्षराचा शब्दाशी संबंध तुटला, तेव्हा अक्षर ठेवण्याचे प्रयोजनच संपले. उरले ते फक्त एक गूढ. त्यात 'उत्क्रांती' हा शब्द तर हास्यास्पद आहे. शाळेत तो माकडापासून माणूस होण्याच्या संदर्भात शिकविला जातो. पायावरच्या डागाची उत्क्रांती ऐकून वाचकाने काय समजावे? 'डाग पालटत चालला आहे' एवढे साधे वाक्य मराठीत आहे आणि ते पुरे आहे. पाचांपैकी हेच लक्षण सर्वांत मोलाचे आहे, आणि नेमके तेच भाषांतरात बुडाले.

व्यासाच्या बाबतीतही हेच. सहा मिलिमीटर हे माप पेन्सिलीच्या मागच्या रबराएवढे असते, असे इंग्रजीतून उचललेले वाक्य सर्रास आढळते. पेन्सिल या तालुक्यांत अनोळखी आहे असे नव्हे. पण ज्या वाचकाच्या हाताखालून वर्षभर धान्य जाते, त्याला तुरीचा दाणा हे माप अधिक जवळचे नव्हे काय? शिवाय आपल्या भाषेत या डागाचे नावच मापाचे आहे. तीळ म्हणजे अंगावरचा काळा ठिपका, आणि तीळ म्हणजे तीन-एक मिलिमीटर लांबीचा दाणा. 'तिळमात्र' म्हणजे किंचितही. जो तीळ तिळापुरता राहतो तो बहुधा निरुपद्रवी. जो तुरीएवढा झाला तो आता तीळ म्हणवून घेण्यास पात्र राहिला नाही. हा श्लेष आयता हाताशी असता कोणी वापरीत नाही, याचे नवल वाटते. तथापि या शब्दाची दुसरी बाजूही लेखकाने ध्यानात घेतली पाहिजे. गालावरचा तीळ सौंदर्याचा, तळव्यावरचा तीळ प्रवासाचा, हातावरचा धनाचा, अशी सामुद्रिकाची समजूत आजही घरोघर आहे. तळव्यावर नव्याने उमटलेल्या काळ्या डागाला शुभशकुन मानणारा माणूस तो डॉक्टरांस कशाला दाखवील? पत्रकाने या समजुतीची टर उडवू नये. पण ती ठाऊकच नसल्यासारखे लिहिणे हेही योग्य नव्हे.

तरीही तिळाचा प्रश्न गौण म्हणता येईल, कारण तळव्यावरील रोगाला आपले लोक मुळी तीळ म्हणतच नाहीत. ते त्याला कुरूप म्हणतात, भोवरी म्हणतात, काटा मोडून राहिला म्हणतात, भेग चिघळली म्हणतात, चिखल्या झाल्या म्हणतात. नखाच्या जागी असेल तर नखुरडे किंवा ठेच लागून साकळलेले रक्त म्हणतात. दहा जणांपैकी नऊ जणांच्या बाबतीत, किंबहुना हजारांतील नऊशे नव्व्याण्णवांच्या बाबतीत, त्यांचे म्हणणे खरेही असते. विपरीत आहे ते एवढेच की, उरलेल्या एकाचा रोग याच शब्दांच्या आड लपतो. म्हणून मेलॅनोमावरील मराठी लेख तिळापासून सुरू न होता कुरुपापासून सुरू झाला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथे एक जुना संदर्भ सहज आठवतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांचे जे प्रकरण आहे, त्यात तिलकालक म्हणजे तीळ, मषक म्हणजे मस, काटा-खडा टोचून पायाला होणारे कदर म्हणजे कुरूप, नखाचा चिप्प आणि चिखलाने बोटांच्या बेचक्यांत होणारा अलस, ही सर्व एकाच यादीत दिली आहेत. यावरून प्राचीनांना मेलॅनोमा ठाऊक होता असा निष्कर्ष काढण्याचा मोह काहींना होईल; तो आवरावा. त्या यादीतून कळते ते निराळेच. डोळ्याला आणि बोटाला जे सारखे लागते ते त्या वैद्यांनी एकत्र ठेवले, आणि आपल्या खेड्यातील शब्दसंग्रहही त्याच वर्गीकरणाने चालतो. 'क्षुद्र' या विशेषणामागची वृत्तीही तशीच टिकून आहे.

समजा, दौंडजवळच्या एखाद्या बागायतदाराच्या टाचेवर काळपट खूण उमटली. दुखत नाही. उसाला पाणी देताना पाय चिखलात, सरीतून चालताना पाचटाचे धसकट टोचलेले. तेव्हा काटा मोडला असेल असे समजून घरच्या सुईने टोकरून पाहिले जाते. काटा निघत नाही. मग कुरूप ठरते. ब्लेडने वरचा पापुद्रा कापणे, औषधाच्या दुकानातील कुरुपाची पट्टी लावणे, बिब्बा घालणे, चुना आणि धुण्याचा सोडा यांनी जाळणे, हे उपाय क्रमाने होतात. बिब्ब्याने कातडी जळते आणि काळीही पडते. म्हणजे मूळ डागाचा रंग आणि कडा, जी परीक्षेची साधने, तीच पुसली जातात. पुढे तेथे जखम होते, ती भरत नाही, भोवती मांस वाढते. आता मधुमेह असेल या शंकेने साखर तपासली जाते. दरम्यान वर्ष निघून जाते. या सगळ्या प्रवासात अडाणीपणा कोठेच नाही. प्रत्येक पायरी त्या त्या वेळी पटण्याजोगीच आहे. म्हणूनच 'जनतेचे अज्ञान' हे जे आपल्या आरोग्यलेखनाचे आवडते पालुपद आहे, ते आम्हांस येथे साफ अमान्य आहे.

ऊसतोडणी कामगाराची अडचण याहून निराळी. बीड, अहिल्यानगरकडून दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे साखर कारखान्यांच्या हद्दीत उतरतात आणि उन्हाळ्यापर्यंत कोयत्यावर राहतात. एक दिवस खाडा म्हणजे जोडीची मजुरी बुडाली. 'पट्टा पडला की गावी जाऊन दाखवू' हे त्यांचे वाक्य या भागात कोणीही ऐकले असेल. पायाची जखम दोन महिन्यांत भरली नाही तर तपासावी, अशा धर्तीचा नियम २०१० मध्ये पायावरील मेलॅनोमासाठी ब्रिटनमधील तज्ज्ञांनी सुचविला. रंगीत डाग, निदानाची अनिश्चितता, रक्त येणे, उपाय करूनही वाढणे आणि भरण्यास दोन महिन्यांहून अधिक विलंब, अशी त्याची पाच कलमे आहेत. हा नियम आपल्या गरजेस कितीतरी जवळचा. परंतु मराठी मजकुरात त्याचा मागमूस नाही. हंगाम सहा महिन्यांचा आणि मुदत दोन महिन्यांची, हा विरोध मात्र कोणत्याही पत्रकाने सुटणारा नाही. तेथे डॉक्टरच फडावर गेला पाहिजे.

मराठीत 'दुखणे अंगावर काढणे' हा वाक्प्रचार सोशीकपणाचे कौतुक म्हणून वापरतात. मेलॅनोमाच्या बाबतीत तो अक्षरशः खरा होतो, कारण हे दुखणे अंगावरच असते आणि दुखत नाही. दुखणे नसलेले दुखणे ही कल्पना समजावून देणे कठीण खरे. पण ती मराठी खेड्याने एकदा पचविलेली आहे. कुष्ठरोगाची मोहीम आठवावी. १९५५ पासून या रोगाचे राष्ट्रीय नियंत्रण सुरू झाले, आणि पुढील काही दशकांत 'फिकट, बधिर, न खाजणारा चट्टा' हे शब्द महाराष्ट्रातील भिंतीभिंतीवर रंगविले गेले. या शब्दांचे सामर्थ्य पाहा. 'चट्टा' हा लोकांचाच शब्द. 'न खाजणारा' म्हणताच नायटा आणि खरूज गळून पडतात. 'बधिर' म्हणताच जे दुखत नाही तेच धोक्याचे, हा उलटा न्याय मनात ठसतो. एकही अक्षर परक्या वर्णमालेतून घेतलेले नाही. सरकारी गद्याचा हा आम्हांस ठाऊक असलेला सर्वोत्कृष्ट नमुना होय. फिकट चट्टा शोधणारी नजर काळा डागही शोधू शकते. घरोघर फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीस त्यासाठी निराळी फेरी घालण्याची गरज नाही, फक्त 'जरा पाय वर करा' एवढे म्हणावयाचे आहे. आज तिच्याकडून ज्या कर्करोगांची चौकशी होते ते तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे. त्वचेस तेथे स्थान नाही, आणि विरळ रोगासाठी स्वतंत्र मोहीम मागणे शहाणपणाचेही नाही. पण चाललेल्या चौकशीत एक वाक्य वाढविण्यास काय हरकत आहे?

शब्दांनी असे काही घडते काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर बार्शीने दिलेले आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावोगाव गेले, लोकांशी त्यांच्या भाषेत बोलले, लक्षणे सांगितली आणि नोंदी केल्या. काही वर्षांनी, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या होत्या. कोणतेही नवे यंत्र तेथे आले नव्हते. आले होते ते बोलणे. शिरूर तालुक्यातही अशी परंपरा नाही असे नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने वढू बुद्रुक येथे १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम उभारले आणि गावातीलच माणसांना प्राथमिक आरोग्याचे शिक्षण दिले. त्या कामाचा भर अर्थातच माता, बालक आणि कुटुंबनियोजन यांवर होता. येथे उल्लेख एवढ्यासाठी की, गावच्या बोलीतून आरोग्य सांगण्याचा अनुभव याच मातीत आहे. तो बाहेरून आणावयास नको.

नखाविषयी मराठी मजकूर जवळजवळ मूकच आहे, आणि तेथे तर चूक दोन्ही बाजूंनी होते. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर फिकट तपकिरी उभ्या रेघा सहज असतात. त्यांनी घाबरण्याचे कारण नाही. प्रौढ वयात एकाच नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, नवी काळी रेघ उमटली, ती रुंद होत गेली, आणि तिचा काळेपणा नखाच्या बुडाशी कातडीवर उतरला, तर तेथे थांबू नये. हे शेवटचे लक्षण इंग्रज शल्यवैद्य जोनाथन हचिन्सन याने १८८६ मध्येच टिपून ठेवले आहे. ठेच लागून साकळलेले रक्त कसे ओळखावे? ते नखाबरोबर पुढे सरकते आणि मागून स्वच्छ नख येते. हाताचे नख सुमारे सहा महिन्यांत, पायाच्या अंगठ्याचे बारा ते अठरा महिन्यांत पालटते. बैलाच्या खुराने अंगठा ठेचला गेलेल्या शेतकऱ्यास ही चाल ठाऊकच असते. डाग पुढे सरकत नसेल तर ते रक्त नव्हे, एवढे त्यास सांगितले म्हणजे पुरे.

गैरसमज केवळ खेड्यापुरता नाही, याची साक्ष जमैकाचा गायक बॉब मार्ली याने दिली. जगभर कीर्ती, हाताशी पैसा आणि उत्तम डॉक्टर असलेल्या या कृष्णवर्णी तरुणाच्या पायाच्या अंगठ्यावरील डाग आधी फुटबॉल खेळताना झालेली जखम समजला गेला. १९७७ मध्ये तो मेलॅनोमा असल्याचे निदान झाले. अंगठा तोडण्यास त्याने संमती दिली नाही. रोग पसरला आणि ११ मे १९८१ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो वारला. गोऱ्या पाठीच्या छायाचित्राऐवजी ही कथा मराठी पत्रकात आली, तर सावळ्या वाचकास ती आपली वाटेल.

नावाचा प्रश्न राहिला. 'मेलॅनोमा' या शब्दात ग्रीक भाषेतील 'काळा' हा अर्थ आहे. फ्रेंच वैद्य लाएनेक याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या रोगाला काळेपणावरून नाव दिले, आणि १८३८ मध्ये रॉबर्ट कार्सवेल याने आजचे रूप रूढ केले. मराठीत कोणी 'कृष्णार्बुद' लिहितो, कोणी 'काळा कर्करोग'. पहिला शब्द परिभाषा-कोशात शोभेल, गावात चालणार नाही. दुसरा भयंकर आहे आणि अपुराही, कारण काही मेलॅनोमांत रंगद्रव्य नसतेच. ते गुलाबी, मांसल दिसतात आणि भरत नसलेली साधी जखम म्हणून दुर्लक्षिले जातात. 'काळपुळी' हा शब्द तर मुळीच घेऊ नये. तो जनावरांपासून माणसांस होणाऱ्या एका निराळ्या संसर्गजन्य रोगास लागलेला आहे, आणि मेंढपाळांच्या या प्रदेशात तो घोटाळा महागात पडेल. आमच्या मते नाव परकेच राहू द्यावे आणि वर्णन आपले असावे. ओघात हेही नोंदवावे की, हा रोग गुदद्वाराच्या आतील अस्तरावरही होतो व मूळव्याध समजून त्यावर उपचार चालतात. तेथेही अडसर शब्दाचाच आहे.

विरळ रोगाविषयी एवढे लिहून लोकांना उगाच भेवडवू नये, असा एक आक्षेप संभवतो. तो वजनदार आहे. प्रत्येक कुरुपावर शस्त्रक्रिया करा असे सांगणारे पत्रक हे गप्प पत्रकापेक्षा वाईट. पण येथे मागणी शस्त्रक्रियेची नाही, पाहण्याची आहे. त्वचारोगतज्ज्ञ हातातील भिंगाच्या दिव्याने तळव्याच्या रेषा तपासतो. रंग रेषांमधील चरांत असेल तर बहुधा निर्धोक, उंचवट्यांवर असेल तर संशयास्पद, हे जपानी वैद्यांनी दाखवून दिले आहे. संशय आल्यास डाग काढून प्रयोगशाळेत पाठवावयाचा. 'सुरी लागली की रोग पसरतो' ही भीती खोडून काढणे हे मात्र लेखकाचे कर्तव्य आहे; अशा तपासणीने रोग वाढल्याचा पुरावा नाही. पसरतो तो न काढल्याने. आणि कोणीही, डॉक्टर असो की नसो, कापलेला तुकडा टाकून देऊ नये, हे एक वाक्य ठळक टाइपात छापण्याजोगे आहे. २०११ पासून शरीराची प्रतिकारशक्ती मोकळी करणारी नवी औषधे आली, त्यामागील संशोधनास २०१८ चे नोबेल पारितोषिकही मिळाले. पण ती अतिशय महाग आहेत आणि तळव्याच्या प्रकारावर त्यांचा गुण तुलनेने कमी येतो. टाचेवरचा पातळ डाग वेळीच काढणे हे काम त्या मानाने फार छोटे.

जगद्गुरू तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी दौंड तालुक्यातून जाते. यवत आणि वरवंड येथे तिचा मुक्काम असतो. त्या दिवसांत वाटेवर वारकऱ्यांचे पाय धुण्याची, तेल लावून चेपण्याची सेवा चालते. हजारो तळवे, भेगाळलेले, फोड आलेले, दिव्याच्या उजेडात कोणाच्या तरी मांडीवर असतात. पाया पडणाऱ्या आपल्या समाजात तळवा पाहण्याचा प्रसंग असा क्वचितच येतो. या सेवेकऱ्यांच्या हाती द्यावयाचे पत्रक कसे असावे, याचा आम्ही थोडा प्रयत्न करून पाहिला. त्यात ऊन नाही, अक्षरे नाहीत, पेन्सिलही नाही. मजकूर असा: 'तळव्यावर किंवा टाचेवर काळा डाग आहे का? कुरूप म्हणून कापले, पण पुन्हा काळेच येते का? काटा म्हणता, पण काटा निघाला का? जखम दोन महिने झाले तरी भरत नाही का? एकाच नखावर काळी रेघ रुंद होत चालली आहे का? दुखत नसले तरी दाखवा. बिब्बा घालू नका.' मराठीत डॉक्टरांकडे जाण्याला 'दाखविणे' म्हणतात. या रोगापुरते ते क्रियापद अगदी शब्दशः घ्यावे.

या मजकुरातील 'तळवा' हा शब्द शिरूरच्या उत्तर भागात आणि भीमेकाठच्या गावांत सारख्याच अर्थाने चालतो काय, 'कुरूप' आणि 'भोवरी' यांत तेथील स्त्रिया भेद करतात काय, आणि ऊसतोडणीसाठी मराठवाड्यातून आलेली माणसे याच गोष्टींना कोणते शब्द वापरतात, याची गावनिहाय नोंद झाल्याखेरीज हे पत्रक छापू नये. ते काम बोलीभाषेच्या अभ्यासकाचे आहे, आणि पुढील हंगाम सुरू होण्यापूर्वी विभागातील विद्यार्थ्यांनी ते हाती घ्यावे.